दोनशे चौदा अंगठे

यंत्र बंद आहे तरी तापतंय, अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा निम्म्या वेळा ते बंद नसतंच. स्क्रीन काळी झाली की आपण समजतो सगळं थांबलं. आत मात्र कुठलंसं काम अर्धवट राहिलेलं असतं आणि गुपचूप चालू असतं. ते ज्यानं सुरू केलं तो कधीच विसरून गेलेला असतो. अशी मागे रेंगाळलेली कामं शोधून काढायची आणि बंद करायची, हा माझा बावीस वर्षांचा धंदा. घरचे मला चिडकी म्हणतात, आणि ते खरं आहे. पण सगळी चीड माणसांवर खर्च होते, यंत्रांशी मी गोडीनं वागते.

मुनीरचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, घरीच होते.

"आवटी मॅडम, मी मिरजेचा मुनीर. दस्तगीर उस्तादांचा मुलगा. मोज्याचा डबा तापतोय. कुणी हात लावत नाही त्याला, तरी पंखा फिरतोय दिवसभर. तुम्ही बघता का येऊन? सोमवारी संगीत विद्यालयाची माणसं वही घ्यायला येणार हाईत."

"उस्ताद कसे आहेत?" मी विचारलं.

"अब्बांना जाऊन चार महिने झाले."

मला कुणी कळवलं नव्हतं. कळवायचं कारणही नव्हतं म्हणा. सात वर्षांपूर्वी मोजा बसवून दिला, त्यानंतर मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटर काढली.

मोजा म्हणजे काय ते आधी सांगते. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो, केसाएवढा उतार असतो त्याला. त्या उताराला तार हलकेच चाटत राहते आणि स्वराला तो भरलेला, गुंजत राहणारा आवाज येतो. कानशीनं घासून तो उतार काढायचा म्हणजे जवारी काढायची. ह्याला माप नाही. सगळं बोटात आणि कानात. एक घासा जास्त झाला की पुन्हा पहिल्यापासून. असे हात राज्यात मोजके उरले, तेव्हा ते जतन करण्याची एक योजना निघाली आणि तिच्यासाठी आम्ही सहा जणांनी 'हस्तवही' तयार केली.

कारागिरानं हातात एक पातळ मोजा घालायचा. प्रत्येक घाशाचा दाब, कोन आणि वेग मोजा टिपतो, घोडीखालचा माईक त्या घाशानंतरचा स्वर टिपतो, आणि कोपऱ्यातल्या डब्यात त्याची नोंद होते. प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपल्या लिखाणाच्या आवृत्त्या सांभाळायला एक सॉफ्टवेअर वापरतात. कुणी, कधी, काय बदललं ते त्यात राहतं. कुणाला वेगळं काही करून बघायचं असेल तर त्याला मूळ प्रतीपासून एक फाटा काढून देतात, आणि ते पसंत पडलं तर फाटा मुळात मिसळतात. आम्ही तेच हाताला लावलं. उस्तादांचा तो 'मूळ हात'. शिष्याचा तो फाटा. मोज्याच्या बोटांत बारीक दोरे असतात. शिष्याचं बोट मूळ हातापासून भलतीकडे जायला लागलं की दोरा ते हळूच मागे ओढतो. शिष्यानं काही नवीन केलं आणि उस्तादांना ते पटलं, तर त्यांनी डब्यावरच्या काचेवर अंगठा द्यायचा. मग फाटा मुळात मिसळतो, मूळ हात तेवढा बदलतो, आणि मोजा त्या जागी ओढायचं सोडतो. मागे फिरायचं असेल तरी उस्तादांचाच अंगठा लागतो.

दुकान होतं तसंच होतं. भिंतीला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि कोपऱ्यात डब्याची घरघर. मुनीर चाळिशीला टेकला होता. आता तो पुण्यात कानाची मशिनं जुळवून देणाऱ्या एका दुकानात नोकरीला होता.

"डबा साफ करा," तो म्हणाला. "आणि माझा फाटा पुसून टाका. विद्यालयाला अब्बांचा हात पाहिजे. माझा नको."

"का? तुमचंही काम आहे ना त्यात."

"मंजूर नाही ना ते." त्यानं स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलत राहिला. "मोजा बसवला त्या महिन्यात माझे पाच तंबोरे मंजूर केले अब्बांनी. मग एक गाणारी पोरगी आली, तिला जवारी जरा खुली, जास्त गुंजणारी पाहिजे होती. मी काढून दिली. आमच्यात तशी काढत नाहीत. तेव्हापासून जे बंद झालं ते झालंच. रोज वहीत बघायचो, 'मंजुरी बाकी'. खुली काढली तरी बाकी, त्यांच्यासारखी काढली तरी बाकी. आणि मोजा ओढतोय. तीन वर्षं, मॅडम. प्रत्येक घाशाला हे बोट मागं ओढलेलं. बाप शेजारी बसून काही बोलत नाही आणि बोटाला धरून सांगतोय, नाही, नाही, नाही."

"विचारलं नाहीत कधी?"

"उस्तादाला विचारतात होय?"

ह्या गल्लीची रीत मला ठाऊक होती, कारण ती मीच मोडली होती. इथे उस्ताद तोंडानं शाबासकी देत नाही. जवारी जमली असेल तर तो काही न बोलता उठतो, तंबोऱ्यावर स्वतःच्या हातानं गवसणी चढवतो आणि भिंतीशी ठेवतो. मंजुरी ती तेवढीच. मोजा बसवला तेव्हा मीच दस्तगीर उस्तादांना सांगितलं होतं, "आता गवसणी कुणी पण घालू दे. तुम्ही फक्त इथं अंगठा द्यायचा, टिक वाजली की झालं." त्यांनी मान हलवली होती. सांगितलेलं काम निमूटपणे, नेमकं करणाऱ्यांतले होते ते.

चहा घेऊन मी डब्याला माझा लॅपटॉप जोडला आणि आत काय काय चालू आहे त्याची यादी काढली. एखाददुसरं काम अडकलं असेल असा माझा अंदाज होता. यादी खाली सरकतच राहिली. एकाच नावाची, एकाच अवस्थेतली दोनशे चौदा कामं. प्रत्येकासमोर लिहिलेलं: ओळख पटण्याची वाट पाहत आहे.

मी एक उघडलं. आत मुनीरच्या एका तंबोऱ्याचा नोंद क्रमांक, तारीख, वेळ आणि अंगठ्याचं चित्र होतं. चित्रात रेषा नव्हत्या. नुसता गुळगुळीत अंडाकार आणि त्यात एक तिरकी पांढरी खूण. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. सगळे तसेच, कोरे.

चौथं उघडायची गरज पडली नाही. कारण हे काय आहे ते त्या क्षणी जगात फक्त मला कळू शकत होतं.

उस्तादांच्या अंगठ्याचा नमुना मीच घेतला होता. तेव्हा ते काविळीतून उठले होते, दोन महिने अंथरुणावर काढलेले, कानशीला हात नाही. त्यामुळे कातडी भरून आली होती आणि अंगठ्यावर रेषा लख्ख उमटल्या होत्या. मी म्हटलंही होतं, "छान आलाय ठसा." मग ते कामाला बसले. घोडी धरायची अंगठ्यानं, घासायची अंगठ्यालगत, वर पॉलिश पेपर फिरवायचा अंगठ्यानं. महिन्याभरात रेषा गेल्या. आयुष्यभर त्या तशाच गेलेल्या असणार. फक्त मी भेटले तेवढे दोन महिने सोडून. जवारी काढणाऱ्याला अंगठ्याच्या रेषा नसतात, हे जवारी जतन करायला निघालेल्या आम्हा सहा शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

इथवर असतं तर चूक आमची सगळ्यांची होती. पुढची माझी एकटीची. पहिल्या चाचण्यांत अंगठा जुळला नाही की लाल अक्षरांत यायचं, 'ओळख पटली नाही'. म्हातारे कारागीर ते बघून घाबरायचे. एका आजोबांनी तर हात जोडून विचारलं, "माझं काय चुकलं?" मला त्यांची दया आली. मी लाल अक्षरं काढून टाकली. अंगठा जुळला नाही तर नाकारायचं नाही, गप्प राहून वाट बघायची, केव्हातरी नीट ठसा मिळेल तेव्हा जुळवायचं. लाइट गेली, डबा बंद पडला, तरी परत आल्यावर वाट बघणं चालू ठेवायचं. आणि टिक मात्र अंगठा टेकताक्षणीच वाजवायची, म्हणजे माणसाला बरं वाटतं.

म्हणजे उस्ताद अंगठा देत होते. टिक वाजत होती. त्यांच्या लेखी पोराचं काम मंजूर होत होतं. आणि पोरगा वहीत बघत होता, 'मंजुरी बाकी'. बापाला मराठी अक्षरं वाचता येत नव्हती, ते उर्दू वाचायचे. पोरगा बापाला विचारणार नव्हता. एकाच सतरंजीवर दोघं तीन वर्षं बसले, आणि मग मुनीर पुण्याला निघून गेला. बापानं त्याला मंजूर करूनही तो का गेला, हे बापाला कळलं नसेल.

मी उठून दारात गेले. समोरच्या दुकानात कुणीतरी तार छेडून बघत होतं. दहा मिनिटांचं काम होतं माझं. दोनशे चौदा कामं एका आदेशात बंद झाली असती, फाटा पुसला गेला असता, डबा गार पडला असता. मुनीरला बाप कठोर होता एवढंच वाटत राहिलं असतं, आणि ते दुःख त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. खरं सांगितलं तर त्याला बाप परत मिळणार होता, पण चार महिने उशिरा, आणि आपण उगाचच घर सोडलं हे कळून. माझंही पितळ उघडं पडलं असतं. खोटं कशाला बोलू, न सांगण्याचा मोह मला झाला. बराच वेळ झाला.

"सापडलं काय?" मुनीरनं आतून विचारलं.

"सापडलं," मी म्हटलं. "इथं बसा जरा."

मी त्याला चित्रं दाखवली. त्यानं पहिलं बघितलं आणि तिरक्या खुणेवर बोट ठेवलं.

"ही तारेची खूण. तार तुटून लागली होती अब्बांना. मी लहान होतो." मग मान वर करून म्हणाला, "हे कशाचं?"

मी सगळं सांगितलं. कावीळ, रेषा, टिक, आणि लाल अक्षरं मी का काढली तेही. गाळलं काही नाही.  मग त्यानं विचारलं, "किती आहेत?"

"दोनशे चौदा."

"मी एवढे तंबोरे केले नाहीत. पहिले पाच सोडले तर एकशे शहात्तर झाले माझे. हिशेबाची वही आहे माझ्याकडं."

मी यादी तारखेनं लावली. एकशे शहात्तर त्याचेच होते, एकूण एक. खुल्या जवारीचा तंबोरा त्यात पहिला. त्याच दिवशी, काम संपल्यावर चार मिनिटांत अंगठा दिलेला. उरलेले अडतीस तो गेल्यानंतरचे होते, आणि सगळे एकाच नोंदीवर, त्यानं काढलेल्या शेवटच्या तंबोऱ्यावर. वेळही जवळजवळ एकच, दुपारी दोनच्या पुढे.

मुनीरनं तारखा बोटांवर मोजल्या. "जुम्मा आहे," तो म्हणाला. "शुक्रवार. नमाजहून आले की..."

नोंद ऐकण्याचं बटण डब्यावर आहे, मोठं, न वाचता दाबता येण्यासारखं. वहीत दिसत होतं, प्रत्येक वेळी आधी ते दाबलं होतं. पोराचा शेवटचा तंबोरा ऐकायचा, आणि अंगठा द्यायचा. एकदा दिलेला पोचला नसेल असं त्यांना वाटत असावं. किंवा नुसतंच ऐकावंसं वाटत असेल आणि ऐकल्यावर अंगठा दिल्याशिवाय उठवत नसेल. ह्यांतलं काय, ते वही सांगत नाही. शेवटचा शुक्रवार ते दवाखान्यात गेले त्याच्या आदल्या दिवशीचा होता.

मला वाटलं मुनीर रडेल. तो चिडला.

"तुम्ही दया केलीत," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यानंच जास्त लागलं. "लाल अक्षरं आली असती ना मॅडम, तर अब्बांना वाचता आली नसती ती. त्यांनी मला हाक मारली असती. 'मुनीर, बघ रे, हे काय म्हणतंय?' एवढंच झालं असतं. एवढंच पाहिजे होतं."

 मी "चुकलं माझं" म्हटलं आणि ते शब्द फार तोकडे पडले.

थोड्या वेळानं तो उठला, तोंड धुऊन आला आणि धंद्यातल्या माणसासारखं विचारलं, "आता काय करता येतं?"

"दोन गोष्टी," मी म्हटलं. "एक, ही कामं बंद करायची, तुम्ही सांगितलंत तसा फाटा पुसायचा. दुसरं, हा कोरा अंगठाही उस्तादांचाच आहे, असा नमुना वहीत नोंदवायचा. तो अधिकार माझ्याकडे आहे, आणि ते खोटंही नाही. मग ही सगळी कामं आपोआप पुरी होतील. तुमचा फाटा मुळात मिसळेल. विद्यालयात पोरं शिकतील तो हात तुमच्या दोघांचा असेल."

"आणि मोजा?"

"मोजा तुमचं बोट ओढणार नाही. मूळ हातात आता तुमचाही हात असेल ना. ओढायचं कारणच संपतं."

"परत पहिल्यासारखा करायचा म्हटलं तर?"

"मागे फिरायला उस्तादांचा अंगठा लागतो, आणि तो नुसत्या चित्रावर चालत नाही. काचेवर नव्यानं टेकावा लागतो."

त्यानं कपाटातून मोजा काढला, उजव्या हातात चढवला. चार वर्षांनी घालत होता. डब्याचा भार कमी व्हावा म्हणून मी तेवढ्यापुरती ती कामं थोपवून ठेवली. त्यानं एक अर्धवट घोडी पुढ्यात घेतली, कानस टेकवली आणि मुद्दाम आपल्या पद्धतीनं, खुल्या जवारीचा घासा दिला.

मोज्यानं त्याचं बोट मागे ओढलं. मला लांबून दिसलं ते, पहिलं बोट किंचित वळलं. त्यानं पुन्हा घासा दिला. मोज्यानं पुन्हा ओढलं. तो घासतच राहिला, दहा, वीस, मी मोजायचं सोडलं. घोडी केव्हाच बिघडली होती. ज्या ओढीपायी तो घर सोडून गेला, तीच तो आता पुन्हा पुन्हा मागून घेत होता.

"असंच धरायचे," तो म्हणाला. "लहानपणी. मागं बसून, माझ्या बोटावर बोट ठेवून."

"मुनीरभाई, राहू द्या असाच," मी म्हटलं. "काही घाई नाही. फाटा पुसत नाही आणि मिसळतही नाही. मोजा तुमच्याकडेच राहील."

त्यानं मान हलवली. "अब्बांनी दोनशे चौदा वेळा सांगितलंय. अडतीस वेळा तर मी इथं नसताना. अजून किती वेळा सांगायचं त्यांनी?" मग बिघडलेली घोडी बाजूला ठेवून त्यानं नवी घेतली. "नोंदवा."

मी नमुना नोंदवला आणि थोपवलेली कामं मोकळी केली.

टिक वाजायला लागली. पूर्वी अंगठा टेकला की वाजायची, पण काम पुरं झाल्यावरही वाजावी अशी सोय मी तेव्हाच करून ठेवली होती. ह्या डब्यात पहिल्या पाचांनंतर ही दुसरी टिक कधी वाजलीच नव्हती. आता एकामागून एक वाजत होती. मुनीर डोळे मिटून ऐकत होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो तंबोऱ्यांची गिऱ्हाइकं आठवत होता की मोजत होता, मी विचारलं नाही. शेवटच्या अडतीस तर इतक्या भरभर वाजल्या की वेगळ्या ओळखूच आल्या नाहीत. मग पंखा मंदावला आणि थांबला. दुकानात इतकं शांत झालं की समोरच्या दुकानातली तार स्वच्छ ऐकू येऊ लागली.

यादीत एकही काम उरलं नव्हतं. वहीत त्याच्या प्रत्येक नोंदीसमोर 'मंजूर' आलं होतं. मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

त्यानं नव्या घोडीवर कानस टेकवली आणि घासा दिला. खुल्या जवारीचा, आपल्या पद्धतीचा. बोट सरळ गेलं, जिथे न्यायचं तिथे. त्यानं आणखी एक दिला. तोही सरळ गेला.

"सोडलं अब्बांनी," तो म्हणाला.

मी लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला. बाकीच्या कारागिरांचे डबे बघायचे होते, एकेकाला फोन करायचा होता, लाल अक्षरं परत घालायची होती. दारातून वळून बघितलं तर मुनीर तसाच बसला होता. कानस घोडीवर टेकवलेली, हात सैल सोडलेला, कुणीतरी ओढेल म्हणून थांबलेला.